काहूनबाई

हटवारबाई रस्त्यानं चालत नाहीत.

आमच्या गावात रस्ते नाहीत असं नाही. अड्याळकडून येणारा डांबरी आहे, गल्ल्यांमध्ये सिमेंटचे आहेत, शाळेपुढे तर गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉकही बसवले आहेत. पण बाई चालणार पायवाटेनं. जिथं माणसांच्या नाहीतर गुरांच्या पायांनी गवत मेलेलं असेल तिथून. मग ती वाट कुणाच्या परसातून जावो, नाहीतर कुणाच्या न्हाणीला खेटून. अशाच एका सकाळी त्या आमच्या गोठ्यातून बाहेर आल्या. मी तोंडात ब्रश धरून उभा होतो. आमच्या गाईनंही चघळणं थांबवलं.

"दिनेश तूच ना? घरांचे नकाशे काढणारा?"

"हव जी," मी फेसातून म्हटलं.

"ही वाट तुमच्या गोठ्यातून काहून जाते?"

"पहिल्यापासूनच जाते जी."

"पहिल्यापासून म्हणजे कवापासून? आणि कोणाच्या पायानं?"

त्या घरात मी चाळीस वर्षं राहिलो, पण मला ते माहीत नव्हतं. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस मी, पंचक्रोशीतली निम्मी घरं माझ्या कागदावरून उभी राहिलेली, आणि स्वतःच्या गोठ्यातल्या वाटेचं उत्तर देता येईना. शेवटी आईला हाक मारली. आई हसायला लागली. म्हणाली, तुझी आजी आणि शेजारची म्हातारी यांची ती वाट. दोन्ही घरच्या पुरुषांचं बांधावरून वाजलं होतं, वीस वर्षं बोलणं बंद. समोरच्या दारातून कोणी कोणाकडे पाहायचं नाही. म्हाताऱ्या मात्र रोज गोठ्यातून एकमेकींना भाजी पोचवायच्या. दोघीही कधीच्याच गेल्या, पण वाट राहिली, आणि आता तिच्यावरून कोंबड्या जातात.

बाईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, आईला "लई मोलाचं सांगितलं" म्हणाल्या, आणि आल्या तशा गोठ्यातून निघून गेल्या.

डॉक्टर शकुंतला हटवार. वय चौसष्ट-पासष्ट. पांढरे कापलेले केस, पायात पुरुषी बूट, साडी नेहमी पोटरीपर्यंत खोचलेली. खांद्यावर खताच्या पोत्याची शिवलेली थैली. तिच्यात मोजपट्टी, होकायंत्र, वही आणि भाजलेल्या शेंगा. माहेर आमच्याच गावचं. नागपूरला एका कॉलेजात तीस वर्षं लँडस्केप आर्किटेक्चर शिकवलं, संशोधन करणाऱ्या पोरापोरींच्या मानगुटीवर बसल्या, आणि निवृत्तीनंतर भावाचं रिकामं पडलेलं दोन खोल्यांचं घर साफ करून इथं राहायला आल्या. भाऊ तुमसरला राइस मिलच्या धंद्यात, त्याला गावाशी काही घेणंदेणं नव्हतं.

लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे काय हे गावाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. बाई सांगायच्या, "घर बांधून झालं की बाहेर जे उरते, ते माझं खातं." लोकांनी अर्थ काढला, बागा करणारी बाई. हेडमास्तर शाळेसाठी रंगीत पानांची रोपं मागायला गेले. बाईंनी विचारलं, "पोरं मधल्या सुट्टीत कुठं बसते?" हेडमास्तरांना सांगता येईना. "मग रोपं कायले पायजे?" हेडमास्तर परत आले ते रोपांशिवाय, आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत खिडकीतून पोरं पाहत राहिले.

नागपूरचा त्यांचा एक किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकलेला. एका विद्यार्थ्यानं प्रबंधात लिहिलं, लोकांना मोकळ्या जागा आवडतात. बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं, "कोणत्या लोकांना? नावं सांग." पोरगा चांगला निघाला. सहा महिन्यांनी नावांची यादी घेऊन आला, पत्त्यांसकट. त्यातल्या निम्म्या लोकांना मोकळ्या जागेची भीती वाटत होती.

नावापुढे डॉक्टर असल्यानं पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ओट्यावर रोगी आले. त्यातले एक डोमाजी, खोकणारे.

"तुमी खोकलता काहून?"

"खोकला येते म्हणून जी."

"दिवसभर?"

"नाही, रात्रीच."

"झोपता कुठं?"

बाई उठल्या आणि डोमाजींचं घर पाहायला गेल्या. खाट एका भिंतीला लागून होती. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची चूल, आणि कौलांखालच्या फटीतून धूर सरळ उशाशी. बाईंनी खाट समोरच्या भिंतीला सरकवली. दहा दिवसांत खोकला थांबला. मग काय, सांधे धरलेले, झोप न येणारे, सुनेशी न पटणारे, सगळे बाईंना घर दाखवायला नेऊ लागले. बाई वैतागल्या. म्हणायच्या, "एका खाटीवरून नियम होत नाही. खोकला खाट हलवल्यानं थांबला का थंडी सरल्यानं, हे मले अजून माहीत नाही." हे ऐकून डोमाजी फार दुखावले. त्यांना बाईंपेक्षा जास्त खात्री होती.

गावानं त्यांचं नाव ठेवलं काहूनबाई. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की हे पहिल्यांदा कोण म्हणालं. तो मीच होतो. मी सांगितलं नाही.

आता तलावाची गोष्ट.

आमच्या गावाचा तलाव म्हणजे मामा तलाव. जुन्या मालगुजारांच्या काळातला, म्हणून माजी मालगुजारी, आणि त्याचं झालं मामा. खालच्या सगळ्या बांद्यांचं, म्हणजे बांध घातलेल्या शेतांचं, धान त्याच्याच पाण्यावर. सरपंच गोपाळभाऊंनी खटपट करून तलावाचं सुशोभीकरण मंजूर करून आणलं आणि नकाशाचं काम माझ्याकडे दिलं. मी दोन दिवसांत काढून टाकला. काढला म्हणजे काय, इंटरनेटवरून एक छान तलाव घेतला आणि आपल्या तलावावर चढवला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गट्टूंचा रस्ता, स्टीलची रेलिंग, दर दहा पावलांवर लाइट, मध्ये कारंजं, आणि पाळ जिथं पूर्वेला वळते त्या कोपऱ्यात सेल्फी पॉइंट. तिथं मोठ्या अक्षरांत गावाचं नाव आणि लाल बदाम. गोपाळभाऊ बदामावर खूश झाले. एवढ्यात त्यांना कोणीतरी सुचवलं की फायलीत डॉक्टरबाईंची सही असली तर वजन पडेल. म्हणून नकाशा घेऊन मी बाईंकडे गेलो.

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग एका जागी बोट ठेवलं.

"ही बाई कोण?"

चित्र जिवंत दिसावं म्हणून मी त्यात माणसं चिकटवली होती. अर्धी चड्डी घातलेली एक गोरी बाई कुत्रा घेऊन धावत होती.

"अशीच जी. चित्रात माणसं टाकावी लागतात."

"अशीच म्हणजे? आपल्या गावात कोणाच्या घरची हाय?"

"कोणाच्याच नाही."

"मग हिच्यासाठी रस्ता काहून करून राहिला? पाळीवर रोज येणारी यमुनामाय कुठं हाय याच्यात? शिंगाडेवाल्यांचे डोंगे कुठं हायत? म्हशी कुठं गेल्या?"

म्हशी मी काढून टाकल्या होत्या. चित्र घाण दिसत होतं. हे मी बोललो नाही, पण बाईंना कळलं. त्यांनी नकाशाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पाळीवर ये. आधी पाहू कोण येते, कायले येते. मग काढ."

मला वाटलं, दोन-चार दिवसांचा मामला असेल. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, पाऊस सरत आला, तरी आम्ही पाहतच होतो. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. गोपाळभाऊ विचारायचे, "झालं का जी?" मी म्हणायचो, "बाई अजून म्हशींवर हायत."

वहीत तीन रकाने होते. पाहिलं, ऐकलं, वाटलं. बाईंची सगळी विद्या त्या तीन रकान्यांत होती, आणि माझी सगळी फजितीही. पहिल्याच दिवशी मी पाहिलंच्या खाली लिहिलं, घाटावर दोन बाया गप्पा मारून राहिल्या.

"गप्पा ऐकल्या?"

"नाही जी, दूर होत्या."

"मग गप्पा कशावरून? तोंडं हलताना पाहिली, एवढंच लिही."

मी खोडलं. पाच मिनिटांनी त्या दोघींतल्या एकीनं दुसरीची बादली तलावात फेकली.

या रकान्यांनी माझ्या संसारात शिरकाव केला. बायको ज्योती एकदा म्हणाली, "तुमचं आजकाल घरात लक्षच नाही." मी म्हटलं, "हे तू पाहिलं का तुला वाटलं?" त्या रात्रीचं वरण मी स्वतः गरम करून घेतलं.

हळूहळू तलाव मला दिसायला लागला. आपण गाव पाहतो म्हणजे काय पाहतो, कुणास ठाऊक. म्हशी कोणत्या उतारावरून पाण्यात जातात आणि तोच उतार का, शिंगाडे काढायच्या होड्या, ते डोंगे, कुठं बांधतात, म्हातारे कोणत्या दगडावर बसतात आणि त्या दगडावर कोण बसत नाही. माझ्या रेलिंगनं हे सगळं कापून निघालं असतं. मी कारंजं खोडलं. मग रेलिंग खोडली. बदाम मात्र खोडवेना, गोपाळभाऊंची भीती होती.

बाईंचा सगळा जीव पूर्वेच्या कोपऱ्यावर होता. पाळ वळते तिथं पाण्यावर वाकलेला एक जुना करंज आहे. दिवेलागणीच्या आधी गावातल्या बाया तिथं येऊन बसत. दोघी, चौघी, कधी सातआठ. आम्ही समोरच्या काठावरून पाहायचो. बाईंनी सावली मोजली, वारा मोजला. त्यांचं अनुमान असं की पाण्यावरून येणारा गार वारा, करंजाची सावली आणि तलावाचा देखावा, या तीन गोष्टींमुळे गावानं आपोआप ती जागा निवडली. चाळीस पानं लिहिली त्यांनी. तिथं बदाम नको, करंजाभोवती दगडी ओटा करू, चार बाक ठेवू, एक मंद दिवा लावू. त्या दिवसांत बाई गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं. कॉलेजच्या एका जुन्या सहकाऱ्यानं लेख मागितला होता, तो यावरच देणार होत्या.

ग्रामसभेच्या पंधरा दिवस आधी त्यांनी ती चाळीस पानं माझ्यापुढे ठेवली.

"आता हे खोटं पाडून दाखव."

"काहून जी? चांगलं तर हाय."

"चांगलं वाटते म्हणूनच. आवडलेली गोष्ट आपण तपासत नाही. मी तपासणार नाही, तू तपास."

मला काय जमणार, असं म्हणत मी जुनी वही काढली. आणि सापडलं. आभाळ भरलेले दिवस मी मोजले. सावलीची गरज नसतानाही बाया तिथंच. वारा पडलेला, तरी तिथंच. मग मी त्या आठवड्यात रोज जाऊन एकच गोष्ट पाहिली, आणि ती बाईंना सांगताना माझा आवाज बारीक झाला.

"मॅडम, त्यांची तलावाकडं पाठ असते."

 बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"एवढे महिने मी त्यांचे चेहरे पाहून राहिले समोरून, असं मले वाटत होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या पाठी होत्या. मी मनानंच चेहरे लावले."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही यमुनामायकडे गेलो. यमुनामाय ऐंशीच्या पुढची. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. करंजाखाली ती रोज असायचीच. अंगणात बसून तांदूळ निवडत होती.

"माय, तुमी करंजाखाली काहून बसता?"

यमुनामायनं वहीकडे पाहिलं. "अभ्यासाले पायजे?"

"हव."

"मंग नाही सांगत."

बाईंनी वही मिटली, थैलीत घातली आणि थैली माझ्याकडे देऊन रित्या हातांनी तिच्यापुढे बसल्या. सूपही पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागल्या. मी उठून जायला लागलो तर यमुनामाय म्हणाली, "बस रे तू. तुले पयली आंघोळ मीच घातली, तुयापासून काय लपवू."

दोघी तांदूळ निवडत राहिल्या. मग ती सुपाकडेच पाहत म्हणाली, "तिथं बाया रडाले येते."

बाईंचा हात थांबला.

"घरी कुठं रडाव, सांग. खोलीत सासरा, छपरीत पोरं, मांगं शेजारीण. न्हाणीत रडलं तर पाण्याचा आवाज थांबला का विचारते, काय करून राहिली वं. करंजाखाली बसलं का दोन्हीकडची पाळ दूरवर दिसते. कोणी येतानी दिसलं का डोळे पुसाले टाईम भेटते. तवर आमी भाजीची गोठ काढतो."

"आणि तलावाकडं पाठ?"

"पाण्यातून कोण येणार हाय?"

मी मध्येच विचारलं, "रोज रडते कोणी?"

"रोज कायले रडते? कवा कवा तर नुसत्या हासत बसतो. पर जागा पायजे ना बाप्पा. भरून आलं तर जाव कुठं?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुई ज्योतीबी येते."

"ज्योती? काहून?"

"ते मी नाही सांगत. आनं तू बी नको विचारू."

परतताना आम्ही दोघंही रस्त्यानंच आलो. पायवाटेची आठवण बाईंना झाली नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. गावातल्या म्हशींची मी दीड वही भरली, आणि समोरच्या काठावरच्या पाठींमध्ये एक पाठ माझ्या घरची होती.

बाईंच्या घराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "तिथं बाक ठेवला, तर कोण बसंल?"

"माणसं. तंबाखू मळत."

"आणि दिवा लावला तर?"

मी त्यांची थैली त्यांच्या हातात दिली.

"म्हणजे तुझा नकाशा आणि माझा अभ्यास, दोन्ही सारखेच. तू न पाहता तो कोपरा मोडत होतास. मी पाहून मोडत होते." त्या पायरीवर बसल्या. "आणि आता खरं हातात आलं, तर ते सांगता येत नाही. लेखात लिहिलं तरी, सभेत बोललं तरी, उद्यापासून तिथं एक बाई यायची नाही."

लेख त्यांनी पाठवला नाही. चाळीस पानांचं काय केलं ते मला माहीत नाही.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीत भरली. पुरुष पुढे सतरंजीवर, बाया मागे भिंतीला टेकून. ज्योतीही होती. गोपाळभाऊंनी मोठी प्रस्तावना केली, डॉक्टर मॅडमनी कसा उन्हापावसात अभ्यास केला वगैरे. टाळ्या झाल्या. बाई उठल्या. म्हशींचा उतार तसाच ठेवा, डोंग्यांची जागा सोडा, गट्टू फक्त पश्चिमेच्या बाजूला टाका, हे सगळं त्यांनी कारणांसकट सांगितलं आणि लोकांना पटलंही. मग त्या थांबल्या.

"पूर्वेच्या कोपऱ्याबद्दल मी ओटा आणि बाक सुचवले होते. ते मागं घेते. माझा अभ्यास चुकला. तिथं काही करू नका. बाक नको, लाइट नको, अक्षरं नको."

 आणि मग सतरंजीवरून डोमाजींनी विचारलं, "काहून?"

सगळी सभा हसली. वर्षभर जिनं गावाला तो प्रश्न विचारून जेरीस आणलं होतं, तिलाच तो विचारायची संधी कोण सोडणार? "हव जी, काहून? सांगा ना, काहून?" पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. गोपाळभाऊंचा चेहरा मात्र पडला होता, त्यांचा बदाम जात होता. ते म्हणाले, "मॅडम, कारण तर लागल जी. तुमीच म्हणता, कारणाबिगर काही करू नये."

 बाईंना असं गडबडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.  मग त्या एकदम म्हणाल्या, "साप हाय तिथं."

"साप?"

"नाग. करंजाच्या मुळात. बीळ हाय."

इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलेलं नाही. बाई खोटं बोलताना छताकडे पाहतात हे त्या दिवशी कळलं. गोपाळभाऊंनीही ते पाहिलं असावं. ते माझ्याकडे वळले. "दिनेश, तू तर रोज संग होता. तू पाह्यला का जी नाग?"

माझी वही गुडघ्यावर होती. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. मागे भिंतीला टेकलेल्या ज्योतीकडे मी एकदा पाहिलं. ती खाली पाहून बोटानं फरशीवर काहीतरी रेघोट्या ओढत होती.

"पाह्यला जी," मी म्हटलं. "दोनदा."

"केवढा?"

मी हात पसरले. जरा जास्तच पसरले असावेत, कारण कोणीतरी हसलं. तेवढ्यात मागून यमुनामायचा खणखणीत आवाज आला, "हाय जी गोपाळ. मी तं रोज पायतो. कोणाले काही करत नाही, पर जागेचा राखणदार हाय." आणि मग एकेक बाई बोलू लागली. हव, हाय. माह्या पायाजवळून गेला. काळा हाय. नाही वं, गव्हाळ हाय. रंगावरून दोघींचं जुंपलं. इतक्या साक्षी पडल्यावर सरपंच तरी काय करणार? नागाच्या जागेवर बदाम लावायची त्यांचीही छाती झाली नाही. ठराव झाला, पूर्वेचा कोपरा आहे तसा ठेवावा.

महिन्याभरानं करंजाच्या मुळाशी कोणीतरी शेंदूर लावला. मग नारळ आला. बाईंनी कपाळाला हात लावला. "तीस वर्षं पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून शिकवलं, आणि इथं येऊन देव तयार केला," म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर तो शेंदूरच कामाला आला. पुरुष तिकडं फिरकेनासे झाले.

ज्योतीला मी विचारलं नाही. यमुनामायनं सांगितलं होतं म्हणून, आणि थोडा उत्तराच्या भीतीनंही. एवढंच केलं, दर आठवड्याला आईला अड्याळच्या बाजाराला घेऊन जायला लागलो, पोरंही सोबत. तीनचार तास घर रिकामं. पहिल्या वेळी ज्योती म्हणाली, "आज काय झालं तुमाले?" पुढे म्हणाली नाही. आम्ही परत यायच्या वेळेला ती दारात उभी असते, आणि कधी कधी तिचे डोळे सुजलेले असतात, कधी कधी ती गाणं म्हणत असते.

पश्चिमेचे गट्टू बसवायचं काम सुरू झालं. एकदा मापं घेताना मी धीर केला. "मॅडम, त्या दिवशी तुमी खोटं कसं बोलल्या? तुमी?"

बाईंनी मोजपट्टीचं टोक दगडाखाली दाबलं आणि त्यावरच बसल्या.

"नागपूरचं आमचं घर मीच काढलं होतं," त्या म्हणाल्या. "भिंती कमीत कमी. इकडून तिकडं नजर जायला पाहिजे, उजेड खेळायला पाहिजे. पाहुणे कौतुक करायचे. विद्यार्थ्यांना दाखवायला आणायची मी. माझे यजमान, यशवंत, म्हणायचे, शकू, एखादं दार तरी ठेव. मी म्हणायची, काहून?"

 गवंडी पलीकडे वाळू चाळत होता.

"ते गेले तेव्हा बारा दिवस घर भरलेलं होतं. चांगली माणसं, मदतीला आलेली. मी जिथं जाईन तिथून सगळ्यांना दिसत होते. स्वयंपाकघरातून दिसते, जिन्यातून दिसते. मी चहा केला, सगळ्यांना दिला. म्हणाले, बाई फार खंबीर. तेराव्याला सगळे गेले. मग रडायला अख्खं घर होतं, आणि रडूच आलं नाही. तीन वर्षं झाली. ते घर विकून टाकलं मी." मग त्यांनी पट्टी उचलली. "लिही. बारा मीटर चाळीस."

मी लिहिलं.

धान कापणीला आलं त्या सुमाराची गोष्ट. पाळीखालच्या तुडमापाशी, म्हणजे जिथून बांद्यांना पाणी सोडतात तिथं, मी दुरुस्तीचं माप घ्यायला उतरलो होतो. दिवस मावळत होता. काम संपवून पाळ चढलो आणि डोकं वर निघताच थांबलो. करंज वीसेक पावलांवर होता. खालून आल्यामुळे मी कोणाला दिसलो नव्हतो.

पाचसहा जणी बसल्या होत्या. हटवारबाई त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभ्या होत्या, झाडाला हात लावून. वाटेनं जाता जाता थांबल्यासारख्या. पुढेही जाईनात, जवळही येईनात. गावातल्या कोणाही बाईला त्यांनी हजार प्रश्न विचारले असतील, पण आता त्यांना तोंड उघडता येत नव्हतं.

बायांचं बोलणं थांबलं होतं. गावात त्यांना सगळेच मॅडम म्हणत, नाहीतर डॉक्टरबाई, आणि बोलण्यात प्रत्येक वाक्याला जी. यमुनामायनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती जरा बाजूला सरकली आणि शेजारची जमीन हातानं झटकली.

"ये वं पोरी," ती म्हणाली. "बस."

हटवारबाई बसल्या. पाण्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन. यमुनामायनं काही विचारलं नाही. नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मी आवाज न करता मागे पाळीखाली उतरलो. पाळीवरून घर पाच मिनिटांवर, पण मी खालून, बांद्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून, चिखल तुडवत लांबून गेलो. घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. ज्योतीनं माझे गुडघ्यापर्यंत भरलेले पाय पाहिले, आत गेली, आणि पाण्याची बादली आणून माझ्यापुढे ठेवली.